माउंट व्हर्नन कसे वाचले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टन शहराच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले, की पाहुण्यांना दाखवायच्या ठिकाणांत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील घर हमखास असते. बहुतेक पाहुणे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांची गोष्ट ऐकून परततात. ते घर पडायला आले असताना कोणी, कसे आणि कोणत्या पैशाने वाचवले, ही तितकीच मोलाची गोष्ट ऐकायची राहून जाते. खालील प्रश्न पाहुण्यांनी आणि येथील मित्रमंडळींनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत.

हे घर कोठे आहे आणि किती जुने आहे?

व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी, वॉशिंग्टन शहराच्या दक्षिणेस सुमारे २४ किलोमीटरवर. मूळचे लहान घर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वडिलांनी १७३४ साली बांधले. सावत्र भाऊ लॉरेन्स यांनी त्याला व्हर्नन या इंग्रज नौसेनापतीचे नाव दिले. जॉर्ज यांनी १७५४ पासून पुढे दोन टप्प्यांत घर वाढवले. आज दिसणारी नदीकडची उंच खांबांची लांबलचक ओसरी दुसऱ्या टप्प्यातली आहे. १४ डिसेंबर १७९९ रोजी त्यांचे याच घरात निधन झाले.

एवढ्या मोठ्या माणसाचे घर पडायला कसे आले?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्यामागे बहुधा ‘अमेरिकेतसुद्धा असे होते?’ हे आश्चर्य असते. घराण्याकडे नाव होते, पण घर चालवण्याइतके उत्पन्न नव्हते. जमीन अनेक वर्षांच्या लागवडीने थकली होती आणि वारसांत वाटण्या होत गेल्या होत्या. उरलेल्या शेतीच्या उत्पन्नात एकवीस खोल्यांच्या लाकडी घराची निगा राखणे कोणालाच परवडत नव्हते. त्यातच लोकांची रीघ थांबत नव्हती. नदीतून आगबोटी भरून माणसे येत आणि आठवण म्हणून झाडाची फांदी किंवा लाकडाचा तुकडा तोडून नेत. पन्नाशीच्या दशकापर्यंत, म्हणजे १८५० नंतर, नदीकडच्या ओसरीचे खांब इतके कुजले होते की छत खाली येऊ नये म्हणून जहाजांच्या जुन्या डोलकाठ्यांचे टेकू लावावे लागले होते. ज्यांनी कोकणात किंवा देशावर भाऊबंदकीत अडकलेला वाडा पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

मग सरकारने घर विकत का घेतले नाही?

शेवटचे खाजगी मालक जॉन ऑगस्टीन वॉशिंग्टन हे जॉर्ज यांच्या भावाच्या वंशातले होते. त्यांनी केंद्र सरकारला आणि व्हर्जिनिया राज्याला घर देऊ केले होते, परंतु दोघांपैकी कोणीही ते घेतले नाही. जुन्या वास्तूंचे जतन करणे हे सरकारचे काम आहे, ही कल्पनाच त्या काळी तेथे रुजलेली नव्हती. आपल्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१ साली सुरू झाले आणि इंग्लंडमधील नॅशनल ट्रस्ट १८९५ साली स्थापन झाला. ही गोष्ट त्या दोहोंच्या आधीची आहे.

पुढाकार कोणी घेतला?

१८५३ साली लुईसा बर्ड कनिंगहॅम या दक्षिण कॅरोलिनातील बाई रात्रीच्या वेळी आगबोटीने पोटोमॅक नदीतून चालल्या होत्या. माउंट व्हर्ननसमोरून जाताना बोटीची घंटा वाजवण्याचा रिवाज होता. घंटा ऐकून त्या डेकवर आल्या आणि चांदण्यात त्यांना ते मोडकळीला आलेले घर दिसले. त्यांनी मुलीला पत्र लिहिले. देशातल्या पुरुषांना या घराची पडझड चालत असेल, तर देशातल्या बायकांनी एकत्र येऊन ते का वाचवू नये, असा त्या पत्राचा आशय होता.

मुलीचे नाव अ‍ॅन पामेला कनिंगहॅम. तरुणपणी घोड्यावरून पडल्यामुळे त्यांचे आरोग्य कायमचे बिघडले होते आणि बराच काळ त्या अंथरुणाला खिळून असत. २ डिसेंबर १८५३ रोजी चार्ल्सटनच्या एका वृत्तपत्रात त्यांचे आवाहन प्रसिद्ध झाले, मात्र त्याखाली स्वतःचे नाव न घालता ‘दक्षिणेतील एक गृहिणी’ अशा अर्थाची सही होती. कुलीन स्त्रीचे नाव वर्तमानपत्रात छापून येणे त्या समाजात शिष्टसंमत नव्हते. आवाहन आधी फक्त दक्षिणेतल्या स्त्रियांना होते, पण उत्तरेकडूनही प्रतिसाद येऊ लागला तेव्हा ते साऱ्या देशासाठी खुले करण्यात आले. त्यातून माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. आजही घराची मालकी आणि कारभार याच संस्थेकडे आहे, आणि तिचे नियामक मंडळ आजही संपूर्णपणे स्त्रियांचे आहे.

भारतीय पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्याशी या बाईंचे नाते आहे का, असे काही जण विचारतात. ते केवळ आडनावाचे साम्य आहे.

एवढे पैसे कसे जमवले?

मालकाने २०० एकर जमिनीसह घराची किंमत २,००,००० डॉलर सांगितली होती. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. कनिंगहॅम यांनी त्यासाठी जी रचना उभी केली, ती माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट आहे. संस्थेच्या प्रमुखाला ‘रीजंट’ म्हणत, आणि प्रत्येक राज्यासाठी एक ‘व्हाइस रीजंट’ नेमलेली असे. तिने आपल्या राज्यात शहराशहरांतून आणि गावागावांतून मदतनीस स्त्रिया शोधायच्या आणि त्यांनी आपापल्या ओळखीत वर्गणी गोळा करायची, अशी ती साखळी होती. एखादा धनिक शोधून त्याच्याकडून मोठी देणगी मिळवण्यापेक्षा हजारो घरांतून लहान रकमा येऊ देण्यावर त्यांचा भर होता. त्यामुळे पैसे जमलेच, शिवाय हे घर आपले आहे असे मानणारी माणसेही प्रत्येक राज्यात तयार झाली.

या कामात मॅसॅच्युसेट्सचे वक्ते आणि राजकारणी एडवर्ड एव्हरेट यांची मोठी मदत झाली. वॉशिंग्टन यांच्या चारित्र्यावरील एकच व्याख्यान त्यांनी देशभर हिंडून शंभराहून अधिक वेळा दिले आणि त्याचे सारे उत्पन्न संस्थेला दिले. व्याख्याने आणि एका साप्ताहिकातील लेखमाला यांतून त्यांनी सुमारे ६९,००० डॉलर, म्हणजे किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम, उभी केली. पुढे १८६३ साली गेटिसबर्ग येथे लिंकन यांच्या प्रसिद्ध छोट्या भाषणाआधी जे दोन तास बोलले, ते हेच एव्हरेट.

करार ६ एप्रिल १८५८ रोजी झाला, तेव्हा १८,००० डॉलर आगाऊ देण्यात आले. उरलेले पैसे फेडल्यानंतर २२ फेब्रुवारी १८६० रोजी, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या जयंतीला, घराचा ताबा मिळाला.

मराठी वाचकाला येथे १८९५ सालची आठवण होईल. रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आवाहन केले, तेव्हा निधी याच रीतीने, सामान्य माणसांच्या लहान वर्गण्यांतून उभा राहिला होता.

त्या काळी स्त्रियांना मालमत्ता घेता येत होती का?

विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करण्याचा किंवा करार करण्याचा हक्क बहुतेक राज्यांत नव्हता. म्हणून १८५६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडून संस्थेसाठी स्वतंत्र सनद मिळवावी लागली. मालक स्त्रियांच्या संस्थेला घर विकायला आरंभी तयार नव्हते. त्यांचे मन वळवण्यात कनिंगहॅम यांची काही वर्षे गेली.

लगेच यादवी युद्ध सुरू झाले. तेव्हा घराचे काय झाले?

ताबा मिळून जेमतेम वर्ष झाले आणि १८६१ साली उत्तर व दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. माउंट व्हर्नन दोन्ही फौजांच्या मधोमध सापडले. कनिंगहॅम दक्षिण कॅरोलिनात अडकून पडल्या. घरात राहिल्या त्या संस्थेच्या चिटणीस सेरा ट्रेसी. त्या न्यू यॉर्क राज्यातल्या, म्हणजे उत्तरेच्या, तर त्यांच्यासोबतचे व्यवस्थापक अप्टन हर्बर्ट व्हर्जिनियाचे, म्हणजे दक्षिणेचे. या दोघांनी, एका सोबतिणीसह, युद्धाची वर्षे तेथे काढली. कोणत्याही बाजूचा सैनिक दर्शनाला आला तरी त्याने शस्त्र बाहेर ठेवावे आणि गणवेशावर शाल पांघरावी, अशी विनंती केली जाई. आगबोटी बंद झाल्यामुळे उत्पन्न थांबले होते. चार वर्षे कसलीही मोठी दुरुस्ती झाली नाही, पण घर लुटले वा जाळले गेले नाही. पूर्वीचे मालक मात्र दक्षिणेच्या सैन्यात गेले आणि १८६१ सालीच मारले गेले.

संस्थेला घर मिळाले तेव्हा आत काय होते?

जवळजवळ काहीच नव्हते. जुन्या वस्तू वारसांत वाटल्या गेल्या होत्या किंवा विकल्या गेल्या होत्या. मागे राहिलेल्या मोजक्या वस्तूंत फ्रेंच शिल्पकार हूदाँ यांनी घडवलेला वॉशिंग्टन यांचा अर्धपुतळा, एक पृथ्वीचा गोल आणि पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची किल्ली होती. ही किल्ली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टन यांच्यासोबत लढलेले फ्रेंच सेनानी लाफायेत यांनी १७९० साली भेट म्हणून पाठवली होती आणि ती आजही घराच्या मधल्या मार्गिकेत लावलेली आहे. बाकीचे सामान शोधून, मागून, विकत घेऊन परत आणण्याचे काम शतकभराहून अधिक काळ चालले आहे.

हा जीर्णोद्धार म्हणायचा की जतन?

मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जुन्या देवळाच्या काळ्या दगडावर तैलरंग फासला, सभामंडपात चकचकीत फरशी घातली आणि सागवानी खांब काढून सिमेंटचे घातले, तरी त्याला आपण जीर्णोद्धारच म्हणतो आणि त्याचे फलक लावतो. माउंट व्हर्ननचे काम नेमके याच्या उलट दिशेने चालते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

घर वॉशिंग्टन यांच्या अखेरच्या वर्षी, म्हणजे १७९९ साली, जसे होते तसे ठेवायचे, असे संस्थेने ठरवले. एकदा साल ठरले की आवडीनिवडीला जागा उरत नाही. वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पुतण्याने ओसरीच्या छतावर कठडा बसवला होता. तो दिसायला शोभिवंत होता आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चित्रांतून लोकांच्या ओळखीचा झाला होता. तरीही तो १७९९ चा नव्हता, म्हणून विसाव्या शतकात काढून टाकण्यात आला. उलट बाहेरच्या भिंतींचे मूळ काम जपण्यासाठी अपार कष्ट घेतले जातात. या भिंती दगडी वाटतात, पण त्या लाकडी आहेत. फळ्यांच्या कडा तासून चिऱ्यांसारख्या खाचा पाडायच्या, रंग लावायचा आणि तो ओला असतानाच त्यावर वाळू उडवायची, ही त्या काळची रीत होती. आजही दुरुस्तीनंतर रंगावर तशीच वाळू उडवतात.

कनिंगहॅम यांनी १८७४ साली पद सोडताना सहकाऱ्यांना निरोपाचे पत्र लिहिले. वॉशिंग्टन यांचे घर तुमच्या हाती सोपवले आहे, ते त्यांचेच घर राहील असे पाहा, प्रगतीच्या नावाखाली कोणाला त्यात फेरफार करू देऊ नका, असे त्यात कळकळीने सांगितले होते. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. ते पत्र संस्थेच्या वार्षिक सभेत वाचून दाखवण्याची प्रथा आहे. दुरुस्तीच्या कामात सर्वांत कठीण असतो तो स्वतःच्या हौसेला आवर घालणे, हे ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांना पटेल.

जेवणघराच्या भिंती इतक्या भडक हिरव्या कशा? जुने रंग फिके नसतात का?

रंगाच्या थरांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावर हाच हिरवा सापडला. फिकट, मातकट रंग जुने वाटतात, कारण आपण ते काळाने उडालेल्या अवस्थेत पाहतो. वॉशिंग्टन यांच्या काळी हा हिरवा महाग होता आणि ऐपतीचे लक्षण मानला जाई. रंग बदलला तेव्हा अनेक नेहमीचे पाहुणे नाराज झाले होते, तरी पुरावा मानून तो तसाच ठेवण्यात आला.

आवार आणि बागा मूळच्याच आहेत का?

आखणी मूळची आहे, झाडे बहुतेक नवी आहेत. १७८७ साली सॅम्युएल व्हॉन या इंग्रज पाहुण्याने आवाराचा नकाशा काढला होता आणि आवाराच्या पुनर्रचनेचा मुख्य आधार तोच आहे. वॉशिंग्टन यांच्या हयातीत लावलेली थोडीच झाडे अजून उभी आहेत.

वरच्या बागेची हकिकत विशेष सांगण्याजोगी आहे. विसाव्या शतकातील पाहुण्यांना तेथे गुलाबांचे ताटवे आणि नीट कातरलेली कुंपणे दिसत, आणि तीच वॉशिंग्टन यांची बाग असे सारे धरून चालले होते. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे काळजीपूर्वक उत्खनन झाले, तेव्हा मातीच्या थरांत रुंद खडीच्या वाटा आणि भाजीपाल्याचे मोठे वाफे यांच्या खुणा सापडल्या. त्या वाफ्यांच्या कडेने फुलझाडे होती. म्हणजे वॉशिंग्टन यांची बाग आधी परसबाग होती आणि मग फुलबाग. संस्थेने स्वतःच आधी केलेले काम चुकीचे होते हे मान्य करून २०११ साली बाग नव्याने मांडली.

काचगृह आणि त्याला जोडलेल्या गुलामांच्या खोल्या १८३५ साली आगीत जळाल्या होत्या. त्या १९५१ साली जुन्या कागदपत्रांच्या आधारे पुन्हा बांधण्यात आल्या.

नदीपलीकडे एकही इमारत दिसत नाही. हे कसे?

ही किमया आपोआप झालेली नाही. १९५० नंतरच्या काळात समोरच्या मेरिलँडच्या काठावर तेलाच्या टाक्या उभ्या राहण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा संस्थेच्या ओहायोच्या व्हाइस रीजंट आणि अमेरिकन काँग्रेसच्या सदस्य फ्रान्सिस बोल्टन यांनी तेथील सुमारे ५०० एकर जमीन स्वतः विकत घेतली. शेजारच्या जमीनमालकांनी आपल्या जमिनींवर बांधकाम न करण्याचे करार करून दिले आणि १९६१ साली काँग्रेसने कायदा करून तेथे पिस्कॅटवे उद्यान निर्माण केले. ओसरीवर बसल्यावर जे दिसते तेही वास्तूचाच भाग आहे, हा विचार आपल्याकडच्या गडकोटांच्या आणि घाटांच्या परिसरात अजून पुरेसा रुजलेला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

गुलामांविषयी तेथे काही सांगतात का?

आज सांगतात, पण त्याला फार उशीर झाला, हे स्पष्टपणे लिहायला हवे. १७९९ साली माउंट व्हर्ननवर ३१७ माणसे गुलामगिरीत होती. त्यांतली १२३ वॉशिंग्टन यांच्या मालकीची होती, बाकीची बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून आलेली होती. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या माणसांना मुक्त केले आणि ती १ जानेवारी १८०१ रोजी स्वतंत्र झाली. उरलेल्यांना मुक्त करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मार्था यांच्या निधनानंतर ती माणसे वारसांत वाटली गेली आणि अनेक कुटुंबांची ताटातूट झाली, कारण नवरा एका मालकीचा आणि बायको दुसऱ्या मालकीची असे अनेक घरांत होते.

घर वाचवणाऱ्या कनिंगहॅम यांचे घराणेही गुलामांच्या श्रमावर उभे होते. संस्थेने पहिली अनेक दशके वॉशिंग्टन यांच्या खुर्च्या आणि ताटे शोधण्यात जी चिकाटी दाखवली, ती या माणसांची नावे शोधण्यात दाखवली नाही. १९२९ साली त्यांच्या दफनभूमीत एक शिळा बसवण्यात आली, आणि तिच्यावरही त्यांना ‘निष्ठावान नोकर’ म्हटले होते. पुढे ती जागा झाडोऱ्यात लपली. एका कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने आणि स्थानिक नागरिकांनी आवाज उठवल्यानंतर १९८३ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आराखडा केलेले स्मारक तेथे उभे राहिले. २०१४ पासून पुरातत्त्वज्ञ अस्थींना हात न लावता, फक्त वरची माती दूर करून, एकेका कबरीची जागा निश्चित करत आहेत.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ग्रंथ अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. मराठी पाहुण्यांना मी घराआधी या दफनभूमीकडे घेऊन जातो.

आज खर्च कोण करतो?

तिकिटे, दुकान, उपाहारगृह आणि देणग्या यांतून खर्च भागतो. संस्था घराच्या देखभालीसाठी सरकारी अनुदान घेत नाही. २०० एकरांची जागा आता सुमारे ५०० एकर झाली आहे, घर वर्षाचे ३६५ दिवस उघडे असते आणि दरवर्षी साधारण दहा लाख लोक येतात. लाकडी घर असल्यामुळे आगीची धास्ती कायम असते. १९२३ साली हेन्री फोर्ड यांनी आगीचा बंबच भेट दिला होता.

आमच्या गावातला वाडा असा वाचवता येईल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना खोटी आशा दाखवू नये असे मला वाटते. माउंट व्हर्ननचा मालक एक होता आणि तो विकायला तयार झाला. आपल्या वाड्यांच्या उताऱ्यावर अनेकदा वीस-वीस सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतले निम्मे परगावी, आणि आत जुने भाडेकरू. म्हणून पहिली पायरी गवंडी बोलावण्याची नाही. आधी हक्काचे कागद एका जागी आणावे लागतात आणि सर्व हिस्सेदारांशी बोलावे लागते.

दोन गोष्टी मात्र उद्यापासून करता येतात आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. पहिली म्हणजे पाण्याचा बंदोबस्त: फुटलेली कौले बदलणे, पन्हाळी साफ ठेवणे, माळवदावर उगवलेली पिंपळाची रोपे वेळीच काढणे. वाडा पडतो तो बहुधा तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी मुरलेल्या पाण्याने. दुसरी म्हणजे नोंद: प्रत्येक खणाची मापे, कोनाडे, महिरपी, गणेशपट्टी आणि जुन्या रंगाचे थर यांची छायाचित्रे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कोणती खोली कशासाठी होती याची लिहून घेतलेली माहिती. व्हॉन यांचा नकाशा नसता तर माउंट व्हर्ननचे आवार आज अंदाजानेच मांडावे लागले असते. आणि मूळ भिंत मातीची किंवा चुन्याची असेल तर तिला सिमेंटचा गिलावा कोणीही, कितीही आग्रहाने सुचवला तरी करू नये. त्यामागे ओल कोंडते आणि भिंत आतून सुटते.

आता तेथे कोणते काम चालू आहे? सर्व काही पूर्ण झालेले नाही का?

लाकडी घराचे काम पूर्ण होत नसते. २०२३ साली घराच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या दुरुस्त्यांपैकी एक हाती घेण्यात आली. तिच्यात पायावर बसलेल्या लाकडी चौकटीची मजबुती, तळघरातील पाण्याचा निचरा आणि आतील हवेचे तापमान व आर्द्रता राखण्याची नवी व्यवस्था यांचा समावेश आहे. तळघराची जमीन खणण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी ती तपासली, तेव्हा २०२४ साली साठवणीच्या पाच खड्ड्यांत काचेच्या ३५ बाटल्या मिळाल्या. त्यांतल्या २९ अखंड होत्या, आणि अठराव्या शतकात भरून पुरून ठेवलेली चेरीसारखी फळे त्यांत अजून ओळखू येत होती. ती फळे खुडणारी, बाटल्यांत भरणारी आणि तळघरात पुरणारी माणसे बहुधा घरात गुलामगिरीत राबणारी होती. फळांची प्रयोगशाळेत तपासणी करण्यात येत आहे.